पॅकेजांच्या व्हर्जनचं भांडण कसं सोडवायचं: माझी पद्धत

जून २०२३मधली गोष्ट. संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या सर्व्हरवर एक नवी लायब्ररी टाकली. आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या टीमने लिहिलेली, छोटीशी. पिपने (पायथन भाषेत पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवून देणारं साधन) ती टाकली आणि शेवटी ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणून मोकळं झालं. त्या ओळीच्या वर लाल अक्षरांत तीन-चार ओळी होत्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. मीही नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ती उठेचना. यूआरएललिब३ या नेटवर्कच्या लायब्ररीमध्ये ‘डिफॉल्ट सायफर्स’ नावाची वस्तू सापडत नाही, अशी तक्रार करून बोटोकोअर पडत होतं. फाइली क्लाउडवर चढवायचं आमचं सगळं काम बोटोकोअरमार्फत चालतं. रात्री साडेनऊपर्यंत एकही फाइल चढली नाही.

ज्या ओळी वाचल्या नव्हत्या त्यांत सगळं लिहिलेलं होतं: बोटोकोअरला यूआरएललिब३ १.२७च्या खालचं लागतं, तुमच्याकडे आता २.०.३ आहे, दोघांचं जमणार नाही.

त्या रात्रीनंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. आता टीममध्ये कोणाचं इन्स्टॉल अडलं की माझ्याकडे येतात, म्हणून माझी पद्धत एकदा नीट लिहून ठेवते आहे. कमांड मी आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

आधी रिझॉल्व्हर काय करतो ते

माझी आई साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती आणि दर जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक तिच्या गळ्यात पडायचं. गणिताच्या बाई लांबून एसटीने येतात, त्यांना पहिला तास नको. प्रयोगशाळा एकच, त्यामुळे आठवी आणि नववीचं विज्ञान एका वेळी नको. पीटीचे सर दोन शाळांत शिकवतात, ते फक्त मंगळवार-शुक्रवार. आई मोठा कागद पसरायची, पेन्सिलीने तास भरत जायची. गुरुवारपर्यंत सगळं छान बसायचं आणि शुक्रवारी अडायचं. मग खोडरबर घेऊन मागे. कधी एक तास खोडून भागायचं, कधी बुधवारपासूनचं सगळं खोडावं लागायचं.

पिपचा रिझॉल्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या अटींत बसणाऱ्या व्हर्जन शोधणारा भाग, हेच करतो. प्रत्येक पॅकेजची नवीनात नवीन व्हर्जन घेऊन बघतो, तिच्या अटी वाचतो, पुढच्या पॅकेजकडे जातो. कुठे दोन अटी जुळल्या नाहीत की आधी घेतलेली व्हर्जन खोडतो, एक पायरी जुनी घेतो आणि पुन्हा पुढे जातो. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या पिप २०.३पासून हे असं आहे. त्याआधीचं पिप ज्याची अट पहिल्यांदा वाचली त्याचं ऐकायचं, नंतरच्याकडे बघायचंही नाही. त्यामुळे जुनी माणसं सांगतात की ‘पूर्वी असे एरर यायचेच नाहीत’. भांडण तेव्हाही होतं. ते इन्स्टॉलच्या वेळी न दिसता सर्व्हर चालू असताना दिसायचं, एवढाच फरक.

आई आणखी एक गोष्ट करायची. एकदा अडलं की का अडलं ते कागदाच्या कडेला लिहायची: ‘शुक्र. ५वा तास आणि प्रयोगशाळा, कधीच नाही.’ मग पुन्हा त्या वाटेला जायची नाही. २०१८मध्ये नॅटली वायझेनबॉम यांनी डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरसाठी पबग्रब नावाची पद्धत तयार केली, तिचा गाभा हाच आहे. अडल्यावर नुसतं मागे न जाता अडण्याचं कारण नोंदवायचं, ते कारण पुढच्या शोधाला नियम म्हणून लावायचं, आणि उत्तर नसेलच तर त्याच नोंदींवरून माणसाला कळेल असं स्पष्टीकरण द्यायचं. पायथनमधलं यूव्ही हे दुसरं पॅकेज मॅनेजर हीच पद्धत वापरतं. पोएट्री या आणखी एका मॅनेजरचा रिझॉल्व्हरही त्याच घराण्यातला. पिपचा संदेश डोक्यावरून जात असेल तर तीच यादी एकदा यूव्हीला देऊन बघा. मी नेहमी देते. इन्स्टॉल करायचं नसलं तरी ‘अमुकला तमुक लागतं, आणि म्हणून ढमुक चालणार नाही’ अशी सरळ वाक्यं वाचायला मिळतात.

तुमचा पॅकेज मॅनेजर कोणत्या स्वभावाचा

उपाय शोधण्याआधी हे ओळखणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण एका भाषेतला सल्ला दुसरीत लावला की वेळ जातो.

पायथनमध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोग्रामच्या पॅकेजांचं वेगळं घर) एका पॅकेजची एकच व्हर्जन राहू शकते. त्यामुळे सगळ्यांना चालेल अशी एक व्हर्जन सापडली तर ठीक, नाहीतर इन्स्टॉल नाही.

जावास्क्रिप्टचं एनपीएम दोन्ही ठेवतं. एका लायब्ररीला लोडॅश ३ हवं, दुसरीला ४ हवं, तर एक वर राहतं आणि दुसरं त्या लायब्ररीच्या पोटात जातं. म्हणूनच नोड मॉड्यूल्सचं फोल्डर एवढं फुगतं. अडतं ते पिअर डिपेन्डन्सीपाशी. पिअर म्हणजे ती लायब्ररी म्हणते, ‘मला माझी वेगळी प्रत नको, तुमच्याच घरातली रिअ‍ॅक्ट द्या, पण ती १७ असली पाहिजे.’ आणि तुमच्या घरात १८ असते. २०२०मध्ये आलेल्या एनपीएम ७पासून पिअर डिपेन्डन्सी आपोआप बसवल्या जातात आणि जुळल्या नाहीत तर ‘ई-रिझॉल्व्ह’ म्हणून काम थांबतं. त्याआधी नुसता इशारा यायचा.

रस्टचं कार्गो मधली वाट काढतं. सुसंगत व्हर्जनांमध्ये एकच निवडतं. पण रँड ०.७ आणि रँड ०.८ अशा विसंगत असतील तर दोन्ही बसवतं. (शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनमध्ये दुसरा आकडा बदलला की ती विसंगत समजतात. एनपीएममधल्या टोपीच्या चिन्हालाही हाच नियम आहे: ^०.२.३ म्हणजे ०.३.०च्या आतलंच.) मग कंपायलर म्हणतो की मला अमुक टाइप हवा होता आणि तुम्ही अमुकच टाइप दिला. दोन्ही नावं अक्षरशः सारखी. पहिल्यांदा हे बघणारा माणूस हतबुद्ध होतो. ‘कार्गो ट्री’ला ‘डुप्लिकेट्स’चा पर्याय देऊन चालवलं की एकाच क्रेटच्या (रस्टमधल्या पॅकेजच्या) दोन प्रती समोर दिसतात. मात्र सी भाषेतल्या लायब्ररीला जोडणाऱ्या क्रेटची एकच प्रत चालते. दोन डेटाबेस लायब्ररींना एसक्यूलाइटला जोडणाऱ्या क्रेटच्या वेगवेगळ्या व्हर्जन हव्या असतील तर तिथे कार्गोही थांबतं.

जावाचं मेव्हन थांबतच नाही. झाडात तुमच्या प्रोजेक्टला जे सर्वांत जवळ ते घेतं; अंतर सारखं असेल तर जे आधी लिहिलं ते. नवं की जुनं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून जावामध्ये हा तंटा इन्स्टॉलमध्ये न दिसता चालू प्रोग्राममध्ये ‘नो सच मेथड’ म्हणून दिसतो. जावाचंच दुसरं साधन ग्रेडल मात्र आपण वेगळं सांगितलं नाही तर सर्वांत वरची व्हर्जन घेतं. गो भाषेत प्रत्येकजण ‘कमीत कमी एवढी’ एवढंच सांगतो आणि त्या किमान आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा निवडला जातो. मागे येऊन खोडायची वेळच येत नाही. मला ती रचना फार आवडते, पण रोजचं काम पायथनमध्ये असल्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः पिपबद्दल.

कोण काय म्हणालं, ते कागदावर

अडलं की माझं पहिलं काम एकच: वही काढते आणि भांडणाऱ्या दोघांची नावं, त्यांच्या अटी आणि त्यांना कोणी बोलावलं ते लिहिते. पिपचा ‘रिझोल्यूशन इम्पॉसिबल’चा संदेश खालून वर वाचावा. ‘द कॉन्फ्लिक्ट इज कॉज्ड बाय’च्या खाली जेवढ्या ओळी असतील तेवढीच माणसं भांडणात आहेत, बाकी गर्दी. आमच्या वेळी माझ्या वहीत असं होतं:

बोटोकोअर: यूआरएललिब३ >= १.२५.४, < १.२७ (बोटो३ने आणलं, बोटो३ आम्हाला हवं)
नवी लायब्ररी: यूआरएललिब३ >= २ (आम्हालाच हवी)

एनपीएममध्ये याच कामासाठी ‘एनपीएम एक्स्प्लेन’ आणि पॅकेजचं नाव. मेव्हनमध्ये डिपेन्डन्सी ट्री. कार्गोमध्ये ट्री उलटं करून बघायचं. पिपमध्ये आधीच बिघडलेली एन्व्हायर्नमेंट तपासायला ‘पिप चेक’. ही कमांड मी आता दर डिप्लॉयच्या (सर्व्हरवर नवा कोड टाकण्याच्या) शेवटी चालवते आणि तिने नाही म्हटलं की डिप्लॉय थांबतं. त्या जूनमध्ये ती असती तर रात्र गेली नसती.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण आमची चूक तीच होती. ‘पिप इन्स्टॉल’ला तुम्ही जेवढी नावं देता तेवढ्यांच्याच अटी ते सोडवतं. आधीपासून बसलेल्या बाकीच्या पॅकेजांच्या अटी ते विचारात घेत नाही. बसवून झाल्यावर तपासतं आणि लाल अक्षरांत कळवतं, पण तोवर जुनं काढून नवं बसलेलं असतं. म्हणून चालू एन्व्हायर्नमेंटमध्ये एकेक पॅकेज सुटं टाकायचं नाही. नवं नाव रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये लिहायचं, नवी कोरी एन्व्हायर्नमेंट करायची आणि सगळी यादी एकदम द्यायची. आधी बघायचं असेल तर पिप २२.२पासून ‘ड्राय रन’चा पर्याय आहे: काही न बसवता काय बसवलं असतं ते सांगतं.

बरोबर, पण निरुपयोगी उत्तर

आम्ही तसं केलं. पूर्ण यादी दिली आणि पिप फिरायला लागलं. ‘बोटो३च्या अनेक व्हर्जन बघतो आहे, वेळ लागेल.’ बोटो३ची नवी व्हर्जन जवळजवळ रोज येते, त्यामुळे मागे जायला शेकडो पायऱ्या. प्रत्येक पायरीला पिप त्या व्हर्जनची माहिती आणतं, बोटोकोअरची अट वाचतं, जमत नाही म्हणून आणखी एक दिवस मागे जातं. मी चहा करून आले तरी चालूच.

हे असं फिरत राहिलं तर शेवटी काय होतं हे मी नंतर मुद्दाम बघितलं, आणि ते प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला वाटतं. फार जुन्या बोटोकोअरमध्ये नेटवर्कचा कोड आतच भरलेला होता. त्यांच्या अटींत यूआरएललिब३चं नावच नाही. नाव नाही म्हणजे भांडणही नाही! रिझॉल्व्हर मागे जात जात तिथे पोहोचला की खुशीने म्हणतो, सापडलं: यूआरएललिब३ २ आणि कित्येक वर्षं जुनं बोटो३. लिहिलेल्या सगळ्या अटी पाळणारं आणि आपल्या काहीही कामाचं नसलेलं उत्तर. आईच्या वेळापत्रकात विज्ञानाचे तासच टाकले नाहीत तर प्रयोगशाळेचा प्रश्न उरत नाही, तसं.

उपाय सोपा आहे. आपल्या स्वतःच्या अटींना खालची मर्यादा घाला. नुसतं ‘बोटो३’ लिहू नका; ‘बोटो३ >= १.२६’ असं तुमच्या कोडला खरोखर लागणारं किमान लिहा. मग रिझॉल्व्हर भूतकाळात हरवत नाही. उत्तर नसेल तर लवकर ‘नाही’ म्हणतो, आणि लवकर मिळालेला नकार तासभर फिरण्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

दोघांपैकी कोण सरकू शकतो

आता खरं काम. दोन्ही अटींमागे कारण काय, ते शोधायचं. आकडा कोणीतरी माणसानेच लिहिलेला असतो.

बोटोकोअरच्या अटीमागे ठोस कारण होतं. यूआरएललिब३ २ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं १.१.१ किंवा वरचं लागतं. जुन्या पायथनबरोबर त्याहून जुनं ओपनएसएसएल असू शकतं, पायथन ३.१०पासून मात्र १.१.१ सक्तीचंच आहे. पुढे २०२३च्या उत्तरार्धात बोटोकोअरने अट सैल केली तीही पायथन ३.१० आणि वरच्यांसाठीच, ३.९ला ती तशीच राहिली. आमचा सर्व्हर होता ३.९वर. म्हणजे ही बाजू हलणार नव्हती.

मग मी नव्या लायब्ररीच्या टीमकडे, वरच्या मजल्यावर गेले. ज्याने ती लिहिली त्याला विचारलं, ‘अरे, हे >= २ कशासाठी? यातलं काही वापरतोस का?’ तो जरा विचारात पडला. म्हणाला, ‘ताई, माझ्या मशीनवर २ होतं, म्हणून तेच लिहिलं.’ आम्ही दोघांनी बसून १.२६वर त्याच्या टेस्ट चालवल्या. सगळ्या पास झाल्या. त्याने अट >= १.२६ केली, नवी व्हर्जन काढली आणि भांडण मिटलं. वीस मिनिटं लागली असतील.

माझ्या अनुभवात घट्ट अटींपैकी बऱ्याच अशाच असतात: गरज म्हणून न लिहिता मशीनवर होतं म्हणून लिहिलेल्या. म्हणून मी नेहमी या क्रमाने जाते. भांडणाऱ्या दोघांपैकी एखाद्याची नवी व्हर्जन आली आहे का आणि तिची अट सैल आहे का, ते बघते. नसेल तर त्या प्रोजेक्टच्या इश्यूंमध्ये कोणी विचारलंय का, ते बघते. नसेल तर स्वतः नीट लिहून विचारते. जून २०२३च्या शेवटी पिडँटिक (डेटा तपासणारी पायथनची लायब्ररी) २ आलं तेव्हा अनेक पॅकेजांनी ‘पिडँटिक < २’ अशी अट घालून घेतली होती आणि ज्यांना दोन्ही हवं त्यांना थांबण्यावाचून पर्याय नव्हता. थांबणं हाही उपाय आहे. तेवढ्या काळासाठी दोघांपैकी एकाची जुनी व्हर्जन वापरायची, किंवा दोघांना दोन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायचं. कमांडलाइनची हत्यारं तर मी कधीच ॲपच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवत नाही, त्यांना त्यांचं वेगळं घर देते. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

सक्ती कधी करायची

इंटरनेटवर पहिलं उत्तर सापडतं ते एनपीएमला ‘फोर्स’ किंवा ‘लेगसी पिअर डेप्स’ लावा. पिपमध्ये ‘नो डेप्स’. यांनी संदेश बंद होतो, भांडण राहतं. रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती एका पानात आल्या तर ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ येतो आणि तो कोडमधली चूक वाटतो. माणूस दोन दिवस हुक शोधत बसतो. ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ चालवून दोन व्हर्जन दिसतात का, एवढं आधी बघावं.

सक्ती करायचीच असेल तर ती फाइलमध्ये, एकाच पॅकेजपुरती करा. एनपीएममध्ये त्यासाठी ‘ओव्हरराइड्स’ आहे, यार्नमध्ये ‘रिझोल्यूशन्स’, यूव्हीमध्येही ओव्हरराइड लिहिता येतो. पिपमध्ये ही सोय नाही. पिपची कन्स्ट्रेंट्स फाइल वेगळी आहे, आणि यात अनेकांचा घोळ होतो. कन्स्ट्रेंट म्हणजे आणखी एक अट. तिने निवड अरुंद होते. दुसऱ्याची अट रद्द होत नाही. आणि त्या फाइलमध्ये नाव लिहिलं म्हणून पॅकेज बसतही नाही. बसणार असेल तर कोणतं बसेल एवढंच ठरतं. ओव्हरराइड मात्र त्या लेखकाची अटच पुसतो. म्हणून ओव्हरराइड लिहिला की तो भाग चालवून बघणाऱ्या टेस्ट असल्याच पाहिजेत. त्या लेखकाने दिलेली हमी आता तुमच्या अंगावर आहे.

कन्स्ट्रेंटचा सर्वांत चांगला उपयोग जून २०२४मध्ये झाला. पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय, तिचं २.० आलं. अनेक जुन्या पॅकेजांनी अटीत नुसतं ‘नमपाय’ लिहिलं होतं, वरची मर्यादा नव्हती. रिझॉल्व्हरच्या दृष्टीने सगळं आलबेल, पण १.एक्सवर कंपाइल झालेली मॉड्यूल्स २वर चालत नव्हती आणि इम्पोर्टलाच कोसळत होती. इथे पिपला दोष देता येत नाही, त्याला जे लिहिलंय तेवढंच कळतं. आम्ही कन्स्ट्रेंट्समध्ये ‘नमपाय < २’ लिहिलं आणि त्या पॅकेजांचे नवे बिल्ड येईपर्यंत निवांत राहिलो.

आमच्या कन्स्ट्रेंट्स फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या पुढे कॉमेंट असते: कोणामुळे, आणि कधी काढायची. तारखेपेक्षा मी प्रसंग लिहिते.

यूआरएललिब३ < २    # बोटोकोअरमुळे; सर्व्हर ३.९वर असेपर्यंत
नमपाय < २    # दोन पॅकेजांचे नवे बिल्ड येईपर्यंत

लॉकफाइल ही यापुढची पायरी: सापडलेलं उत्तर गोठवून ठेवायचं, म्हणजे तुमच्या, माझ्या आणि सर्व्हरच्या मशीनवर तेच बसतं. एनपीएममध्ये सर्व्हरवर ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ कमांड वापरा, ती लॉकफाइलला हात लावत नाही. आणि गिटमध्ये लॉकफाइलचा कॉन्फ्लिक्ट आला तर तो हाताने जोडू नका; मूळ अटींची फाइल नीट जोडून घ्या आणि लॉकफाइल पॅकेज मॅनेजरलाच पुन्हा लिहू द्या.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी त्या कन्स्ट्रेंट्समधली एकच ओळ काढते, ड्राय रन करते, टेस्ट चालवते. जमलं तर ओळ कायमची जाते, नाही जमलं तर परत ठेवून कॉमेंट सुधारते. एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते लगेच कळतं. नमपायची ओळ अशीच एका सोमवारी गेली. यूआरएललिब३ची बराच काळ राहिली. आमचा सर्व्हर ३.११वर गेला त्या आठवड्यात मी ती काढली, आणि वरच्या मजल्यावर जाऊन त्याला सांगितलं की आता हवं तर तू पुन्हा २ लिहू शकतोस. तो म्हणाला, ‘राहू दे ताई, १.२६वर पण चालतंय.’